पोर्ट केलं की नंबर सात दिवस बंद? कोण म्हणतं?

‘पोर्ट केलं की नंबर सात दिवस बंद पडतो. जुनी कंपनी परवानगी नाकारू शकते. नवी कंपनी जुनीच्या जिवावर फुकट चालते, म्हणून फोन लागत नाहीत.’ नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय आणि सिडकोतल्या आमच्या मावशींनी ते वाचून पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, बेतच रद्द केला. पुरे झालं आता.

सात दिवसांत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. 1 जुलै 2024 पासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम असा: हरवलं किंवा बिघडलं म्हणून सिम बदलून घेतलं, तर पुढचे सात दिवस पोर्टिंगसाठी लागणारा कोड मिळत नाही. भामट्याने तुमच्या नावावर दुसरं सिम काढून नंबर पळवू नये, म्हणून. त्या काळात नंबर चालूच असतो!

‘परवानगी’ हा मात्र शुद्ध बनाव. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहा, एक जागा सोडून दहा आकडी नंबर टाका आणि 1900 ला पाठवा. अटी बसल्या तरच कोड येतो. 16 डिसेंबर 2019 पासून ही तपासणी कोड देण्याआधीच होते, तीही पोर्टिंगची स्वतंत्र एजन्सी करते. नंबर घेऊन 90 दिवस झाले नसतील, पोस्टपेडचं बिल थकलं असेल, किंवा नावबदल, कोर्टकज्जा असलं काही अडकलं असेल, तर कोड येत नाही. ‘गिऱ्हाईक सोडायचं नाही’ हे कारण नियमात कुठेही नाही. स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नाही ही सबबही चालत नाही. 1900 चा मेसेज प्रत्येक पॅकमधून जायलाच हवा, असं ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये बजावलंय.

कोड चार दिवस चालतो. तो एमजी रोडवरच्या नव्या कंपनीच्या दुकानात समोर बसून द्या, फोनवरच्या ‘एजंट’ला कदापि नाही. सर्कलच्या, म्हणजे मोबाइल सेवेच्या एका विभागाच्या, आत तीन कामाचे दिवस लागतात. नाशिकचा नंबर मुंबई सर्कलमध्ये न्यायचा तर पाच, कारण मुंबई वेगळं सर्कल आहे. जुन्या सिमची रेंज जाईपर्यंत ते फोनमधून काढू नका. नवं सिम त्यानंतर घाला. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र बुडतो, तो आधी संपवा.

राहिलं ‘फुकट’. दोन नेटवर्क जोडणं ही मेहेरबानी नाही, परवान्याची अट आहे. 2016 मध्ये जिओला पुरेसे जोडबिंदू (एका नेटवर्कचे कॉल दुसऱ्यात जातात त्या जागा) दिले नाहीत म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून 3050 कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. फोन लागत नाहीत ते जोड अपुरे ठेवल्यामुळेही, हे त्यातच दिसतं. दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर कॉल गेला की तिला द्यायचा मिनिटाला 6 पैशांचा जोडणी आकार 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाला, पण तो सगळ्याच कंपन्यांसाठी.

आणि बीएसएनएलच्या लँडलाइनच्या तांब्याच्या तारा खासगी कंपन्यांना फुकट दिल्या म्हणे! त्या तारा इतरांना खुल्या करा असं ट्रायने 2004 मध्ये सुचवलं होतं. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती घातलीच नाही. नाशिकचा 0253 चा लँडलाइन नंबर तर आजही पोर्ट होत नाही.