टाकी टू टाकी

दर रविवारी साताऱ्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. फोन कानाला लावूनच बोलायची सवय असल्यामुळे आम्हाला अर्धा तास त्यांचा कान दिसतो. कानाचा पहिला प्रश्न, "जेवलास का?" दुसरा, "गाडी ॲव्हरेज किती देतीय?" सून आणि नातवंडं त्यानंतर.

बाबांनी सत्तावीस वर्षं एकच चेतक चालवली. तिची पूर्ण कुंडली एलआयसीच्या डायऱ्यांमध्ये आहे: तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज. खंबाटकीचा उतार लागला की ते इंजिन बंद करायचे. पुढे उभा मी, मागे आडवी बसलेली आई, आणि ब्रेकच्या भरवशावर चाललेलं आमचं कुटुंब. आईची रामरक्षा तेवढ्या उतारात बरोबर एकदा पूर्ण व्हायची. "टाकी टू टाकी काढल्याशिवाय ॲव्हरेज म्हणजे नुसत्या गप्पा," हे बाबांचं एकमेव तत्त्वज्ञान. म्हणजे टाकी फुल्ल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची, आणि मधल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा बसलेल्या लिटरने भागायचं. बाकीच्या संतांचं त्यांनी कधी फार मनावर घेतलं नाही.

अशा घरातला मुलगा अमेरिकेत मिशिगनमध्ये येऊन 2007 ची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी, न घेता तर नवल. डेट्रॉइटच्या शेजारी, नोव्हायला आम्ही राहतो. इथे जपानी हायब्रिड चालवणं म्हणजे कोल्हापुरात पांढरा रस्सा नको म्हणण्यासारखं आहे. शेजारचे आजोबा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यांच्या दारात घराएवढा पिकअप ट्रक उभा असतो. माझ्या गाडीकडे ते, लोक उपासाच्या भगरीकडे बघतात तसे बघतात.

गाडी घेतली तेव्हा ती एक लाख बारा हजार मैल चाललेली होती. ही गाडी नवी विकली जात होती तेव्हा तिच्या काचेवर शहरात 60 आणि हायवेवर 51 मैल प्रति गॅलन असे आकडे लावलेले असायचे. मग 2008 पासून सरकारने मोजण्याची पद्धत बदलली आणि त्याच गाडीचे आकडे 48 आणि 45 झाले. इंजिन तेच, चाकं तीच, पेपर तपासणारे बदलले. मी बोर्डाच्या पुनर्मूल्यांकनात चार मार्क गमावलेला माणूस आहे, त्यामुळे मला हे फार लागलं. माझ्या हाताला प्रत्यक्षात 44 पडत होते. बाबांच्या भाषेत लिटरला पावणेएकोणीस.

"एवढी बॅटरी-बिटरी लावून पावणेएकोणीस?" कान म्हणाला.

तिथून हे सगळं सुरू झालं.

सुरुवात टायरमधल्या हवेपासून. कंपनी म्हणते पुढे 35, मागे 33. मी पुढे 42 भरली, मागे 40. टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच होती, आणि गाडी खरंच हलकी पळायला लागली. फक्त मिशिगनचे रस्ते हिवाळ्यानंतर चाळणीसारखे असतात. पहिल्याच खड्ड्यात बायकोच्या हातातला चहा माझ्या शर्टावर आला. ती म्हणाली, "हा चहा तुझ्या ॲव्हरेजमध्ये धर."

मग डॅशबोर्डच्या खाली खुपसायचं एक छोटं यंत्र आणलं. गाडीच्या पोटात काय चाललंय ते क्षणाक्षणाला सांगतं: पाण्याचं तापमान, बॅटरीचा चार्ज, या घडीचं ॲव्हरेज. हे यंत्र कुणाही संसारी माणसाने घेऊ नये. पूर्वी मी रस्ता बघून गाडी चालवायचो. आता आकडा बघतो. चढ आला की आकडा अकरावर येतो आणि छातीत धस्स होतं. उतार आला की 99 वर जाऊन थांबतो, कारण पुढे मोजायची त्याची ऐपत नाही.

आकड्याच्या नादाने मी 'ढकल आणि सोड' शिकलो. इंग्रजीत या पंथाला हायपरमायलिंग म्हणतात, आणि 2008 साली ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशाने हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. तंत्र असं: ताशी चाळीस मैलांपर्यंत जोर लावून वेग न्यायचा आणि मग पाय असा सैल सोडायचा की इंजिन बंद पडेल, पण बॅटरीतून काही जाणारही नाही आणि येणारही नाही. पाय पूर्ण उचलला तर गाडी आपणहून बॅटरी भरायला लागते आणि वेग गळतो. जरा दाबला तर बॅटरी खर्च होते. विरजण लावताना दूध कोमट आहे का बघायला करंगळी जेवढी बुडवतो, तेवढाच दाब. जमलं की पडद्यावरचे सगळे बाण नाहीसे होतात. इंजिन, मोटर, बॅटरी, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही, आणि गाडी नुसती जाते. मला समाधी म्हणून जे काही ठाऊक आहे ते एवढंच.

ताशी 42 मैलांच्या वर मात्र या गाडीला इंजिन फिरतं ठेवावंच लागतं, त्यामुळे समाधी ट्वेल्व्ह माइल रोडवर चाळिसाच्या आतच लागते. मागच्या लोकांना अध्यात्माची आवड नसते. हॉर्न न वाजवणारा देश म्हणून अमेरिकेचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर बसावं.

हिवाळा लागला तशी मी गाडीला लोकर चढवली. थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं आणि तापेपर्यंत बंद होत नाही. या मॉडेलमध्ये त्यासाठी एक चक्क थर्मास आहे. गाडी बंद केली की पंप घुर्र करून गरम कूलंट त्यात भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाला पाजतो. पण उणे पंधरा अंशांत एवढ्याने भागत नाही. म्हणून पाण्याच्या पाइपांना घालायची फोमची करडी नळकांडी आणली, कात्रीने कापली आणि पुढच्या जाळीच्या फटींत बसवली. शेजारचे आजोबा बर्फ उपसता उपसता थांबले. "तोंड बांधलंस गाडीचं?" मी म्हणालो, "सर्दी होते तिला." ते घरात गेले. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

इंजिनाला चारशे वॅटचा हीटरही लावला. रात्री बंपरमधून वायर बाहेर काढून भिंतीत खुपसायची. एकदा ती न काढताच निघालो, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

खरी पंचाईत आतल्या हीटरची. आत ऊब हवी म्हटलं की ती इंजिनाच्या पाण्यातूनच यायची, म्हणजे सिग्नलला उभं असतानाही इंजिन चालू. मी हीटर बंद ठेवायला लागलो. मुलांनी शाळेत सांगितलं, आमच्या गाडीत कानटोपी घालून बसतात. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी पेटीतून गोधडी काढून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्याकडे एसटीत सुद्धा..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. सासूबाईंची अर्धवट वाक्यं फार लांब पोचतात. त्याच आठवड्यात सीटवर टाकायच्या विजेच्या गाद्या आणल्या. माणूस थेट गरम केला की अख्ख्या डब्यातली हवा तापवावी लागत नाही, आणि इंजिनही झोपतं. या सगळ्या खटाटोपात घरातून एकमताने मंजूर झालेला हा एकच ठराव.

मग अंगात आलं ते आरामाचं. या गाडीचं स्टिअरिंग वरखाली होतं, पण जवळ येत नाही. हाताला जमवलं तर गुडघे अडतात, गुडघ्यांना जमवलं तर हात ताटकळतात. पंथातल्या जाणकारांचा उपाय सीटच्या पुढच्या पायांखाली जाड वॉशर घालून ती मागे कलती करण्याचा. लांब बोल्ट आणून, आजोबांचा टॉर्क पाना मागून घातले. मांड्यांना आधार मिळाला, पाठ सुखावली. बायको चालवायला बसली तेव्हा तिला रस्त्याऐवजी आभाळ दिसलं. दोन वॉशर काढले.

रिव्हर्स टाकल्यावर ही गाडी टूं टूं करते, तेही बाहेर नाही, आत. मागे जातोय हे ज्याने रिव्हर्स टाकला त्यालाच सांगायचं. हे बंद करायची रीत सोवळ्यातली आहे. गाडी चालू, मीटरचं बटण दाबून अंतरावर आणा, बंद, पुन्हा चालू, लगेच ते बटण दाबून दहा सेकंद धरा, धरलेलं असतानाच रिव्हर्स टाका, मग पार्क. पडद्यावर 'बी ऑन' उमटतं. एक टिचकी, 'बी ऑफ'. चौथ्या प्रयत्नात मला जमलं. तेवढ्या वेळात सत्यनारायणाचा एक अध्याय झाला असता.

मोठं काम राहिलं होतं बॅटरीच्या पंख्याचं. मागच्या सीटच्या पाठीशी 28 मॉड्यूल्सची, दोनशे एक व्होल्टची बॅटरी आणि ती गार ठेवायला सीटच्या उजव्या बाजूच्या झडपेतून हवा ओढणारा पंखा. तो तुंबला की बॅटरी तापते आणि लवकर म्हातारी होते. एका शनिवारी मागची सीट उचकटली, हातात रबरी मोजे, समोर जाडजूड नारिंगी वायरी. नारिंगी रंग म्हणजे हात लावू नका. गॅरेजच्या दारात बायको लाकडी लाटणं घेऊन उभी होती.

"हे कशाला?"

"तू चिकटलास तर ढकलायला. नाही चिकटलास तर बघू."

बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून काढला, दहा मिनिटं थांबलो आणि पंखा सोडवला. त्याच्या पात्यांवर करड्या लोकरीचा बोटभर थर, आणि झडपेच्या तोंडाशी चार चुरमुरे, एक मसाल्याचा शेंगदाणा, गेल्या दिवाळीतल्या चिवड्याचे असावेत. कढीपत्त्याचं एक पान तर शाबूत होतं. दात घासायच्या ब्रशने सगळं साफ केलं.

खर्च विचारू नका. बायकोने विचारला. वर्षाला बारा हजार मैल, 44 चं ॲव्हरेज 50 वर गेलं तर 33 गॅलन वाचतात. साडेतीन डॉलरने धरा, एकशेपंधरा डॉलर. यंत्र, हीटर, गाद्या, बोल्ट, फोम मिळून चारशेच्या वर गेले होते. "चार वर्षांत वसूल," मी म्हणालो. "गाडी अठरा वर्षांची आहे," ती म्हणाली.

पण माझ्या मुळावर आली ती टाकी. बाबांच्या पद्धतीने दर वेळी फुल्ल करून वहीत मांडत होतो. एकदा 54 यायचे, एकदा 43. रस्ता तोच, पाय तोच. शेवटी कळलं की अमेरिकेत विकल्या गेलेल्या या मॉडेलच्या टाकीत एक लवचिक पिशवी असते. पेट्रोलची वाफ कमी व्हावी म्हणून ती इंधनाबरोबर फुगते आणि आकसते. थंडीत ताठरते. 11.9 गॅलनची टाकी कधी दहालाच खट् करून थांबते. म्हणजे फुल्ल याचा अर्थ दर वेळी वेगळा. हे बाबांना फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

जूनमध्ये ते स्वतःच आले. विमानतळावरून निघालो, चाळिसाला पाय सोडला, बाण गेले, गाडी निःशब्द. बाबा एकदम पुढे झुकले.

"बंद पडली?"

"नाही बाबा, मुद्दाम."

ते मागे टेकले. चेहऱ्यावर खंबाटकी होती. मग दोन मिनिटांनी, "एसी वाढव जरा. घाम फुटलाय." उतारावर आईसकट इंजिन बंद करणारा माणूस! एसी होता पूर्णच, पण जाळीतला फोम मी उन्हाळा लागला तरी काढला नव्हता आणि कंडेन्सरला हवा मिळत नव्हती. पेट्रोल पंपावर गुडघ्यावर बसून एकेक नळकांडं ओढून काढलं. बाबा बाजूला उभे. झोळीतून डायरी निघाली होती, यंदाची.

"किती बसलं?"

"8.4 गॅलन."

"गॅलन म्हणजे?"

"3.785 लिटर."

"पाचाच्या पुढे?"

"411," मी म्हणालो. ते मला पाठ होतं, हे त्यांना आवडलं. ते लिहायला लागले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. टाकीतल्या पिशवीचं सगळं सांगितलं. पेन थांबलं. त्यांनी गाडीकडे, आमच्या जुन्या गवळ्याच्या पोचा आलेल्या मापाकडे बघायचे, तसं बघितलं. बराच वेळ. मग पेनाला टोपण घातलं, खिशाला अडकवलं.

"पेन्सिल आहे का तुझ्याकडे?"