हेल्मेटची दोन भोकं आणि चाहत्यांचा राग

परवा एका मैत्रिणीने अगदी मनापासून विचारलं, "अगं, लेगोच्या, म्हणजे त्या प्लॅस्टिकचे तुकडे जोडायच्या खेळण्यातल्या हेल्मेटला दोन भोकं पडली म्हणून चांगली शिकलेली, नोकरी करणारी माणसं चिडतात? खेळणंच आहे ना ते?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच आहे, म्हणून इथे लिहिते.

आधी ती भोकं. 'स्टार वॉर्स'च्या 'द क्लोन वॉर्स' या ॲनिमेशन मालिकेतले सगळे क्लोन सैनिक एकाच माणसाच्या प्रती. चेहरा एक, आवाज एक. मग रेक्स कोण आणि कोडी कोण हे ओळखायचं कशावरून? चिलखतावरच्या खुणांवरून, रंगांवरून, हेल्मेटवरून. मालिकेने ही माणसं आपल्याला वेगवेगळी ओळखायला शिकवलं ते याच बारकाव्यांतून. २०२२मध्ये लेगोने हेल्मेटचा नवा साचा आणला आणि जोडणीचे भाग बसावेत म्हणून दोन्ही बाजूंना छिद्रं ठेवली. काहीच बसवलं नाही तर ती उघडी दिसतात. बाहेरच्या माणसाला हा क्षुल्लक बदल वाटेल. पण ज्याचं हेल्मेट हाच चेहरा आहे, त्याच्या चेहऱ्याला भोकं पडली असं चाहत्याला वाटलं तर त्यात वेडेपणा कुठे आहे? मला तर तो राग पूर्ण समजतो.

आणि घरांचं काय सांगू! सिटकॉममधलं, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतलं घर सहसा तीन भिंतींचं असतं. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे असतात, त्यांच्यामागे प्रेक्षक. 'फ्रेंड्स'चे २३६ भाग आपण त्या उघड्या बाजूने बघितले. २०१९मध्ये मालिकेच्या पंचविशीला त्यातल्या 'सेंट्रल पर्क' या कॅफेचा १,०७० तुकड्यांचा लेगो सेट आला, तोही समोरून उघडा. नारिंगी सोफा मधोमध, काउंटर मागे. तो पहिल्यांदा समोर ठेवला तेव्हा मला जाणवलं की मी नेहमीच्याच जागी बसले आहे. दहा सीझन जिथून बघितलं, तिथेच. त्या कॅफेत आपण एकदाही पाऊल टाकलेलं नाही, पण कुठली वस्तू कुठे असते हे झोपेतही सांगू शकतो. म्हणून एखादी गोष्ट जागेवर नसली की खटकतं. स्वतःच्या घरात कुणी कपाट हलवलं तर खटकतंच की.

त्या सेटमध्ये माणसांच्या सात छोट्या आकृत्या आहेत. मालिकेतले सहा मित्रमैत्रिणी तर येणारच होते, सातवा कॅफेत काम करणारा गुंथर. मालिकेत बहुतेक वेळ मागेच उभा राहिलेला माणूस. त्याला आठवणीने घेतलं याचा मला केवढा आनंद झाला होता! २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ती भूमिका करणारे जेम्स मायकेल टायलर गेले. तेव्हापासून काउंटरमागची ती छोटी आकृती मी हलवलेली नाही.

याच्या नेमकं उलट झालं बार्बच्या बाबतीत. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये ही मुलगी नाहीशी होते आणि मैत्रीण नॅन्सी सोडली तर तिच्यासाठी कुणी फारसं कासावीस होत नाही. चाहत्यांनी 'जस्टिस फॉर बार्ब' म्हणत आवाज उठवला तो त्याच दुःखातून. पुढे २०१९मध्ये या मालिकेचा २,२८७ तुकड्यांचा लेगो सेट आला. त्यातला हरवलेला मुलगा विल बायर्स, त्याचं घर आणि त्याखाली उलटं टांगलेलं त्याचंच भकास प्रतिबिंब. कल्पना म्हणून मला आजही तो टीव्ही मालिकांवरचा सर्वांत धाडसी सेट वाटतो. आठ आकृत्या होत्या, त्यात राक्षसही होता. बार्ब नव्हती. तिची आकृती निघाली ती त्या वर्षीच्या सॅन दिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यापुरती. जिला कुणी शोधलं नाही म्हणून लोक हळहळले होते, तीच पुन्हा बहुतेकांच्या हाती लागली नाही. हा निर्णय मला पटला नाही आणि पटणारही नाही.

तुकड्यांवरच्या चित्रांसाठी स्टिकर की थेट छपाई, या कायमच्या वादात फार शिरत नाही. मी छपाईच्या बाजूची आहे, स्टिकर काही वर्षांनी कडेने सुटू लागतो.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. 'लेगो आयडियाज' या कंपनीच्या संकेतस्थळावर चाहते स्वतः मॉडेल मांडतात, १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते आणि तरीही पुष्कळ कल्पना नाकारल्या जातात. 'द ऑफिस' या मालिकेचा २०२२चा सेट याच वाटेने आला. तब्बल पंधरा आकृत्या आणि पहिल्याच भागातला जेलीत बुडवलेला स्टेपलरसुद्धा! ज्याने तो भाग जीव लावून बघितला आहे, त्यालाच हे सुचतं. पण मंजूर झालेलं मॉडेल बाजारात येईपर्यंत कंपनीचे डिझायनर त्यात बरेच बदल करतात. ते बदल आवडले नाहीत म्हणून मूळ चाहत्यावर तुटून पडणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. तो आपल्यातलाच आहे. त्याने कुठल्या तरी रात्री जागून ती खोली पहिल्यांदा उभी केली, म्हणून ती आज आपल्या टेबलावर आहे. तक्रार करायचीच तर बदलाबद्दल करावी, त्याला का बोलायचं?

मैत्रिणीला रविवारी बोलावलं आहे. 'सेंट्रल पर्क' सगळं सुटं करून पुन्हा जुळवणार आहोत. सूचनापुस्तिका मी मुद्दाम तिच्याकडे देणार नाही. सोफा कुठे, काउंटर कुठे, गुंथर कुठे उभा राहतो, तिला सगळं ठाऊक आहे. ते सगळे भाग आम्ही दोघींनी एकत्रच बघितले होते.