टपरीवर जीआरई अन् मास्तरचे तीन हजार शब्द

बंटीनं जीआरईचा, म्हणजे परदेशात पुढं शिकाले जायची जी इंग्रजी-गणिताची परीक्षा असते तिचा, फॉर्म भरला हे एव्हाना सगळ्या गावाले माहीत आहे. काल संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर मास्तर आले ते सल्ला देतच बसले. "रोज शंभर शब्द पाठ, महिन्यात तीन हजार, खल्लास! आमच्या वेळी डिक्शनरी घोटून पेलो आम्ही!"

गज्याभाऊ पऱ्हाटीतून आलेला, पायाचा चिखल तसाच. म्हणे, "मास्तर, विरुद्धार्थी शब्दाचे प्रश्न 2011 लेच बंद झाले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरा लागते. सहा पर्याय, त्यातले दोन असे निवडाचे का दोन्हीनं अर्थ सारखाच निघन, एक चुकला तं अर्धा मार्कही नाई. अन् निम्मे तं उतारेच असतात."

बंटी बोलला, इंग्रजीच्या भागात 27 प्रश्न, 41 मिनिटं, यादी आठवाले टाइम कुठं.

"पण शब्दच माहीत नसन तं?" मास्तर टेबल वाजवून.

"तं शिका ना बाप्पा!" गज्याभाऊ म्हणे. "पण दहा घ्या अन् पुन्हा पुन्हा घ्या, आज, परवा, आठवड्यानं. पाठ केलेलं सुरुवातीलेच सगळ्यात जास्त उडते हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 तच लिहून ठेवलं. तुमाले अजून निरोप नाई भेटला काय?"

बंटीनं खिशातून कार्डं काढली, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली, एका बाजूनं शब्द अन् मागं तो शब्द जिथं भेटला ते अख्खं वाक्य. मले ते लयच आवडलं. शहरातल्या पोरांच्या कानावर इंग्रजी पडते तरी, आपल्या पोरांना ती वाक्यातूनच भेटणार, आणि नुसती यादी पाहूनच आपली किती हुशार पोट्टी घाबरून मागं फिरली हे मी पाहिलं आहे, म्हणून मी सरळ गज्याभाऊच्या बाजूनं बोललो.

मास्तर तापले. "तू कास्तकार माणूस, तुले काय समजते पाठांतरातलं?"

"तुमचं पाठांतर पक्कं ना? मंग माह्या फवारणीचा पंप कोनाच्या घरी हाये, सांगा!"

टपरीवाला चहा गाळता गाळता हसत खालीच बसला. मास्तर म्हणे नोझल आधीच तुटलेलं होतं, गज्याभाऊ म्हणे नवा कोरा दिला होता, आणि जीआरई राहिली बाजूले, नोझल कोणी तोडलं यावर शेवटची बस येईपर्यंत चाललं.