भाव वाढले की करार सुटतो? नागरी संहितेबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

नागरी संहितेबद्दल, म्हणजे जर्मनी-फ्रान्ससारख्या देशांत करारांसह खासगी व्यवहारांचे नियम एकत्र मांडणाऱ्या लेखी कायद्याबद्दल, सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: संहितेतला करार-कायदा संसदेने हात लावेपर्यंत जागचा हलत नाही, न्यायाधीश फक्त कलमं वाचून दाखवतात, आणि फ्रान्समध्ये तर २०१६ नंतर भाव वाढले की करार सोडून देता येतो.

पहिल्या दोन मुद्द्यांना जर्मनीचा एकच दाखला पुरे. १९०० साली लागू झालेल्या जर्मन संहितेत परिस्थिती पालटली तर काय, याचं सर्वसाधारण कलम नव्हतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि कर्जदार जुनी गहाण कर्जं त्याच कवडीमोल नोटांत फेडू पाहत होते. २८ नोव्हेंबर १९२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम २४२ मधल्या सद्भावनेच्या तत्त्वावर बोट ठेवून हे अमान्य केलं. यासाठीचं कलम ३१३ संहितेत आलं २००२ मध्ये. म्हणजे कोर्ट आधी, संसद नंतर.

फ्रान्सचा इतिहास मात्र त्या मजकुराच्या बाजूने थोडा झुकतो, हे मान्य करायला हवं. तिथल्या क्रापोन कालव्याची पाणीपट्टी १५६० आणि १५६७ च्या करारांनी ठरलेली होती. खालच्या कोर्टाने ती वाढवून दिली, पण १८७६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती वाढ रद्द केली: कितीही काळ लोटला तरी न्यायाधीश करार बदलू शकत नाही. सरकारी सेवांच्या करारांत मात्र तिथल्याच प्रशासकीय न्यायालयाने १९१६ मध्ये, कोळसा महागल्याने अडचणीत आलेल्या बोर्दोच्या गॅस कंपनीला भरपाईचा हक्क दिला.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यावर विसंबणारा स्वतःच अडकतो. भाव वाढल्यावर करार सोडता येतो हा दावा ज्यावर उभा आहे, त्या फ्रेंच संहितेच्या २०१६ मधल्या कलम ११९५ ला तीन गोष्टी एकत्र लागतात: बदल करार करताना अंदाजात नसावा, त्यामुळे पूर्तता अतोनात महाग व्हावी, आणि तो धोका त्या पक्षाने पत्करलेला नसावा. नफा घटला, एवढ्याने भागत नाही. तिन्ही जुळल्या तरी मिळतो तो फेरवाटाघाटी मागण्याचा हक्क. बोलणी चालू असताना ठरलेलं काम चालूच ठेवावं लागतं. नेमकी इथेच चूक होते. फेरवाटाघाटीचं पत्र धाडून लगेच पुरवठा थांबवणारा करारभंगाचा दोषी ठरतो, मग भाव खरोखर कितीही चढलेले असोत. बोलणी फिसकटली तर दोघं मिळून करार संपवू शकतात किंवा न्यायाधीशाला तो बदलायला सांगू शकतात. वाजवी मुदतीत तेवढंही जमलं नाही, तरच एकटा पक्ष कोर्टात जाऊन करार बदलण्याची किंवा संपवण्याची मागणी करू शकतो.

शिवाय १ ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या करारांना हे कलम लागूच नाही. नंतरच्या करारांतही दोन्ही पक्ष ते वगळू शकतात, आणि व्यावसायिक करारांत ते वगळलेलं बऱ्याचदा आढळतं. त्यामुळे नोटीस धाडण्याआधी कराराची तारीख आणि हे वगळणारं वाक्य, दोन्ही तपासावं.