तारेपेक्षा मोठं होतं अर्ध्या आण्याचं तिकीट

जुलै महिना आला की तारेच्या आठवणींच्या पोस्ट फिरायला लागतात. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या, लोकांनी रांगा लावून आपल्याच माणसांना तारा केल्या, ते फोटो पुन्हा दिसतात. तारेबद्दल मलाही आदर आहे. ओशॉनेसी नावाच्या एका डॉक्टरने १८५० च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकायला घेतली आणि पाचेक वर्षांत ती मुंबई-मद्रासपर्यंत पोचून लोकांसाठी खुलीही झाली. काम थोरच. पण आपल्या पणजोबा-आजोबांचं आयुष्य तारेने बदललं नाही, असं माझं ठाम मत आहे. साध्या घरात तार यायची ती कुणी गेल्याची. तारवाला दारात दिसला की पाकीट फोडायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आयुष्य बदललं ते १८५४ च्या ऑक्टोबरात, अर्ध्या आण्याचं तिकीट आलं तेव्हा.

त्याआधी लांबचा निरोप ही पैसेवाल्याची आणि सत्तेवाल्याची चीज होती. पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, आसपास दहा-एक दिवसांनी त्यांच्या हाती पत्र लागलं ते एका सावकाराचं, कासिदाबरोबर, म्हणजे निरोप्याबरोबर, दक्षिणेतल्या पेढीकडे चाललेलं. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, असा सांकेतिक मजकूर. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. खुद्द पेशव्याला पोटच्या मुलाची बातमी सावकाराच्या टपालातून कळते! मग गणती नसलेल्या त्या तांब्यात ज्यांचा नवरा, ज्यांचा मुलगा होता, त्यांच्या दारी कासीद कोण धाडणार होतं?

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपाल सर्वांना खुलं केलं खरं, पण दर ठरायचा वजनावर आणि अंतरावर. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचं पत्र धाडायचं तर एक रुपया. कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. त्या काळच्या मजुराने हे पैसे कुठून काढायचे? म्हणजे जो पोटासाठी जितका लांब गेला, त्याला घरी चार ओळी लिहिणं तितकं महाग.

इंग्लंडात रोलंड हिल या माणसाने नेमकं इथे बोट ठेवलं होतं. त्याने हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून न्यायचा प्रत्यक्ष खर्च पेनीचा अगदी किरकोळ अंश आहे. पैसा खातंय ते प्रत्येक पत्राचं अंतर मोजणं, आकार लिहिणं आणि दारोदार वसुली करणं. मग अंतर मोजूच नका, एकच दर ठेवा आणि तो आधी घ्या. १८४० मध्ये तिथे एक पेनीचं तिकीट निघालं. चौदा वर्षांनी तोच विचार इकडे आला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून सासवडला जावो की पेशावरला. तिकीट न लावता टाकलं तर बेरंग, घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली. नंतर १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं आणि १८८० मध्ये मनीऑर्डर.

या दोन गोष्टींवर कोकणातली कितीतरी घरं उभी राहिली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, आजी गावी. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराची चिमुकली जागा असायची. तेवढ्यात त्यांचं सगळं मावायचं: भाताचं काय झालं, म्हशीला दाखवलं का, थोरल्याला शाळेत घाला. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचता येत नसलेल्या बाईलाही नवऱ्याचा शब्द दर महिन्याला ऐकायला मिळत होता, हे मला विलक्षण वाटतं.

आणि कार्ड! ‘सा. न. वि. वि.’ पासून सुरुवात, जागा संपली की कडेने आडवं लिहीत पत्त्याच्या रेघेपर्यंत मजल. कोपरा फाडलेला असेल तर दुःखाची बातमी. असं कार्ड वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. लग्नाच्या पत्राला हळदीकुंकवाचं बोट. गावकुसाबाहेरच्या माणसाचं आणि इनामदाराचं कार्ड एकाच थैलीतून, एकाच दराने जायचं. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या गोष्टीत ही बरोबरी तेव्हा होती, सांगा.

म्हणून अलीकडच्या एका निर्णयाने मी अस्वस्थ आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. चर्चा झाली ती लाल पेटी, पोचपावती, जुन्या आठवणी यांची. मला खटकतंय ते वेगळंच. रजिस्टर्ड पत्राला देशभर एकच दर होता. स्पीड पोस्टात पाकीट पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की गावातलं, दोनशे किलोमीटरच्या आतलं, त्यापुढचं, असे टप्पे लागतात. कोर्टाचे कागद, जमिनीच्या नोटिसा, नोकरीचे अर्ज ही पाकिटं काही हलकी नसतात. गडचिरोलीच्या माणसाने मुंबईला कागद धाडायचे तर ठाण्याच्या माणसापेक्षा जास्त मोजायचे, हा १८३७ चा हिशेब झाला.

पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं, खात्याला त्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट येत असूनही. मग कायदेशीर कागदांच्या नोंदणीलाही देशभर एकच दर ठेवणं का जमू नये? टपाल खात्याने निदान पाचशे ग्रॅमपर्यंतच्या नोंदणीकृत पाकिटांना तो पुन्हा लागू करावा. आपल्या खासदारांनी हे संसदेत विचारावं. मी माझ्या खासदारांना लिहिलं आहे, तुम्हीही लिहा.