नुसती चिकाटी नव्हे हो!

यशोगाथा सांगणाऱ्या तुमच्या लेखात उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर ‘जिद्दीने खपवला’ एवढ्या एका वाक्यात उरकलाय. खरी गंमत तर तिथेच आहे! लोखंडाने जमीन नासते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. नांगर तयार होऊन दोन वर्षं गिऱ्हाईकच नाही. आजचा गुंतवणूकदार दुसऱ्या महिन्यातच गाशा गुंडाळायला लावेल. पण या माणसाचा पाया १८८८ सालच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानाचा. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. म्हणजे शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत ते आधीच पोचले होते, हे विसरू नका. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तीही कशी, तर निवडुंग माजलेल्या ओसाड माळावर. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर ओतले. तोफेचा फाळ! आता संस्थानिकांचा असा आधार सगळ्यांनाच कुठे मिळतो, हा मुद्दाही लेखात यायला हवा होता. यशोगाथा लिहिताना आपण तो हमखास गाळतो.