‘डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या ना’

पावसाळा लागला की आमच्या पालकांच्या ग्रुपवर दोन मेसेज हटकून फिरतात. ‘मुलांना मातीत लोळू द्या, प्रतिकारशक्ती वाढते’ हा एक. दुसरा, ‘बाळाची सर्दी हटत नाहीये, कुणाकडे ते अँटिबायोटिक सिरप उरलंय का?’ पहिल्याला ढीगभर अंगठे मिळतात, दुसऱ्याला खरोखर कुणाच्या तरी फ्रिजच्या दारातली अर्धी बाटली मिळते. पावडरमध्ये खुणेपर्यंत पाणी घालून हलवलेलं ते सिरप आठवड्या-दोन आठवड्यांत टाकून द्यायचं असतं, हे बाटलीवर छापलेलं असतं. वाचतो कोण!

मातीबद्दल थोडक्यात. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवरून दाखवलं की घरात मोठी भावंडं जास्त असलेल्या मुलांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी होते. भावंडांकडून लहानपणीच जंतूंशी गाठ पडते म्हणून असं होत असावं, हा त्यांचा अंदाज. त्यातून पुढे ‘घाण चांगली’ असा सोयीस्कर अर्थ काढला गेला. जुलाबाने मुलं दगावणाऱ्या देशात तरी तो काढू नये. हात धुवायचेच.

खरी गंमत आतड्यात आहे. कशावर तुटून पडायचं आणि काय सोडून द्यायचं, हे बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला शिकावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं शिक्षण पोटातल्या जंतूंच्या सहवासात होतं. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं जेवण! (मला हे वाचल्यापासून दुधाबद्दलचा आदर दुप्पट झालाय.) पुढे वरणभात, भाज्या, फळं सुरू झाली की त्यातल्या तंतूंवर जगणारे जंतू वाढतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्यामुळे टी-रेग पेशी वाढतात. या पेशी प्रतिकारयंत्रणेतल्या बाकीच्या पेशींना आवरतात. त्या कमी पडल्या की धूळ, परागकण, शेंगदाणा अशा निरुपद्रवी गोष्टींवरही शरीर धावून जातं.

आता अँटिबायोटिक. ते वाईट जंतू निवडून मारत नाही, पोटातले हे सोबतीही त्यात जातात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक वर्षाच्या आतल्या बाळांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण कमी होत गेलं, आणि २००० ते २०१४ या काळात तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांमधला नव्या दम्याचा दरही सुमारे २६ टक्क्यांनी उतरला. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात मुलांचा एक गट पाच वर्षांचा होईपर्यंत पाहिला: पहिल्या वर्षी अँटिबायोटिक न मिळालेल्यांत दमा सुमारे ५ टक्के, एक कोर्स झालेल्यांत सुमारे ८, आणि कोर्स वाढले तसा आकडाही चढता. ‘छातीत घरघर असणाऱ्या बाळांनाच औषधं जास्त दिली जातात, मग दमाही त्यांनाच होणार’ ही शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी श्वसनाच्या तक्रारीसाठी औषध घेतलेली मुलं या हिशेबातून वगळली होती. तरीही चढण राहिली, आणि मुलांच्या शीच्या नमुन्यांत जंतूंचा फरकही दिसला. एवढ्याने कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण मला एवढं पुरेसं आहे.

कारण साधी सर्दी व्हायरसची असते आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणजे फायदा शून्य. दोष सगळा डॉक्टरांवर ढकलू नका. बाहेर रांग, आत आजी म्हणतेय ‘काहीतरी स्ट्राँग द्या’, आणि नाही दिलं तर हे कुटुंब उद्या दुसऱ्या दवाखान्यात जाणार, हे त्यांनाही माहीत असतं. आपणच विचारायला हवं, ‘डॉक्टर, हे लागेलच का, की दोन दिवस वाट बघू?’ बरेच डॉक्टर या प्रश्नाने सुटकेचा श्वास टाकतात.

‘मग प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची, पुडी देऊन भरपाई करू’ म्हणणाऱ्यांना एवढंच, की दमा टळतो असं कुठल्याही पुडीने आजवर सिद्ध केलेलं नाही.

आणि उलट्या टोकालाही जाऊ नका. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग असं काही निघालं तर अँटिबायोटिक द्यायचंच, सांगितलेल्या डोसमध्ये आणि सांगितले तितके दिवस. बाळाला धाप लागली, ते दूध घेईना, मलूल पडलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर ग्रुपवर विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा.